रविवारी क्युबा लिब्रे मांडायचा असेल तर आधी हे उरकून घ्या

क्युबा लिब्रे म्हणजे १९५० च्या दशकातल्या क्युबाच्या क्रांतीवरचा चौघांचा बोर्ड गेम, कोइन (काउंटरइन्सर्जन्सी, म्हणजे बंडखोरी मोडायच्या लढाया) नावाच्या सिरीजमधला. असला गेम पहिल्यांदा मांडायचा म्हणलं की लोकांना वाटतं रूलबुक पाठ केलं की झालं, पण खरी तयारी माणसांची असते, कोण कुठली बाजू घेणार आणि त्याला जिंकायला काय लागतं हे आधी ठरलं नसलं तर बाकी सगळं नीट असून पण दुपार वाया जाते. म्हणून पहिलं काम, चार जण पक्के करा, आणि पक्के म्हणजे ग्रुपवर अंगठा दाखवणारे नाही, फोन लावून विचारा की बाबा रविवारी शेतात लाईट कधी आहे, कारण थ्री फेज दिवसा आली की माणूस मोटार चालू करायला जाणारच आणि त्याला अडवायचं पण नाही. आणि सांगतानाच पाच तास सांगा. दोन तासांत होईल म्हणून बोलावलं की तिसऱ्या तासाला त्याच्या घरून फोन सुरू होतात.

गेम निवडताना मोठेपणा करू नका. जीएमटी गेम्सची ही सिरीज २०१२ ला अँडियन अबिसपासून चालू झाली, तो कोलंबियावर आहे आणि बनवणारा व्होल्को रुन्के स्वतः सीआयएमध्ये अ‍ॅनालिस्ट होता, त्यानंतर क्युबा आला, अफगाणिस्तान आला, व्हिएतनाम आला. व्हिएतनामचा फायर इन द लेक सगळ्यांना पाहिजे असतो, पण नवीन पोरांपुढं तो ठेवला तर अर्ध्या नियमांतच जांभया. क्युबा लिब्रे घ्या, बेट लहान, पत्ते ५२, आणि बतिस्ता, कॅस्ट्रो ही नावं तरी कानावरून गेलेली असतात. याच घराण्यातला विजयनगर अजून हलका आहे, तिघांचा, १२९० ते १३९८ चा दख्खन, बहमनी बाजू घेणाऱ्याला तर जास्तच मजा कारण ती गादी १३४७ ला आपल्या दौलताबादलाच बसली, पण तो आजकालच्या बंडखोरीचा गेम नाही, हात बसवायला ठीक. गांधी नावाचा पण एक आहे, १९१७ ते १९४७ पर्यंतचा, आपल्या मराठवाड्याला मात्र निजामातून सुटायला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं होतं, असो.

रूलबुक आणि प्लेबुक (उदाहरणं आणि माहितीची पुस्तिका) कंपनीच्या साईटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतं. सगळ्यांना पाठवा पण सगळे वाचतील ही आशा ठेवू नका, एकानं पूर्ण वाचायचं आणि बाकीच्यांनी फक्त आपल्या बाजूचं पान. डबा हातात यायला वेळ असेल तर लॅपटॉपवर व्हॅसल (बोर्ड गेम स्क्रीनवर मांडायचं सॉफ्टवेअर) टाकून घ्या, ते पण फुकटच आहे, आणि समजावून सांगणाऱ्यानं एकट्यानं चारही बाजूंनी दहाबारा पत्ते खेळून बघायचे. हे टाळू नका.

आता बाजू. हे रविवारी सकाळी ठरवायचं काम नाही, गुरुवारपर्यंत वाटून टाका. सरकारची, म्हणजे बतिस्ताची, बाजू सगळ्यात जास्त वाचणाऱ्याला द्या, कारण अमेरिका नाराज होत गेली की त्याचं प्रत्येक जागेचं ऑपरेशन (म्हणजे चाल) दोनावरून तीन आणि शेवटी चार रिसोर्सला (म्हणजे गेममधल्या पैशाला) पडतं आणि त्याला रडू येतं. बोलघेवड्याला सिंडिकेट, म्हणजे कॅसिनोवाले, त्यांचं सगळं देण्याघेण्यावर चालतं. शांत पण डाव धरणारा असेल त्याला २६ जुलै, म्हणजे कॅस्ट्रोची संघटना. राहिलेल्याला डिरेक्टोरियो, म्हणजे बतिस्ताविरोधी विद्यार्थ्यांची संघटना, आणि त्याला आधीच सांगा की तू लहान दिसतोस म्हणून कोणी तुझ्याकडं बघणार नाही, त्याचाच फायदा घे.

मग एका कागदावर चौघांच्याही जिंकायच्या अटी मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर ठेवा. सरकारला एकूण सपोर्ट (लोकांचा पाठिंबा) १८ च्या वर, २६ जुलैला अपोझिशन (लोकांचा विरोध) आणि तळ मिळून १५ च्या वर, डिरेक्टोरियोला ताब्यातली लोकसंख्या आणि तळ मिळून ९ च्या वर, सिंडिकेटला सातपेक्षा जास्त चालू कॅसिनो आणि रिसोर्स ३० च्या वर, दोन्ही एकदमच. नवीन माणूस फक्त स्वतःचा आकडा बघत बसतो आणि शेजारचा कधी जवळ पोचला ते कळतच नाही. दोस्त कोण हे पण या कागदावरूनच समजतं. अफगाणिस्तानच्या अ डिस्टंट प्लेनमध्ये हे जास्त टोचतं, परकी फौज आणि काबूलचं सरकार दोघं तालिबानच्या विरोधात, पण फौजेला लोकांचा सपोर्ट वाढवून आपली पोरं घरी न्यायचीत आणि सरकारला ताबा आणि पॅट्रोनेज (मर्जीतल्यांना वाटायचा पैसा) पाहिजे, म्हणजे साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं एकच पॅनल समजा, फोटो सोबत आणि क्रॉस व्होटिंग वेगळं.

समजावून सांगताना नकाशापासून सुरू करू नका, पत्त्यापासून करा. पत्त्याच्या वरच्या बाजूला चार बाजूंचा क्रम छापलेला असतो, चालू पत्ता आणि पुढचा पत्ता दोन्ही उघडे, एका पत्त्यावर दोघंच काहीतरी करतात आणि ज्यानं केलं तो पुढच्या पत्त्याला बाद. पास केलं तर बाद होत नाही, वर बंडखोराला एक नाहीतर सरकारला तीन रिसोर्स मिळतात. आता गंमत बघा, तुमचा नंबर पहिला आहे, इव्हेंट (पत्त्यावर छापलेली घटना) तुमच्या कामाचा नाही पण मागच्याच्या फार कामाचा आहे. तुम्ही ऑपरेशनसोबत स्पेशल अ‍ॅक्टिव्हिटी (जोडीची जादा चाल) केली तर तो इव्हेंट उचलणार. नुसतं ऑपरेशन केलं तर त्याच्या वाट्याला फक्त लिमिटेड ऑपरेशन, एकाच जागी. म्हणजे स्वतःचं थोडं सोडून दुसऱ्याचं बंद करायचं, आणि ही गोष्ट डोक्यात बसली की माणूस खेळायला लागला समजा. चारपाच पत्ते खोटेखोटे खेळून दाखवा, मग सगळं पुसून खरं चालू करा.

सामान आदल्या रात्रीच वेगळं करा. निळे ठोकळे फौज, फिकट निळे पोलीस, लाल पिवळे हिरवे गनिम (म्हणजे गनिमी लढवय्ये), मसाल्याच्या जुन्या डब्यातल्या वाट्या यासाठी एकदम बरोबर, फक्त हळद नीट धुवून घ्या. गनिम लपलेला आहे की उघडा पडलाय हे त्याच्या डोक्यावरच्या छापावरून कळतं, त्यामुळं उजेड चांगला पाहिजे, पिवळ्या बल्बखाली डिरेक्टोरियोचा गडी लपलाय का उघडाय यावर भांडणं होतात. मे महिन्यात कुलर लावणार असाल तर तोंड नकाशाकडं नको, ओल्या हवेनं पत्ते वाकतात, आणि पंखा पूर्ण सोडला तर उडतात, कुलर पाठीमागं आणि पंखा दोनवर. इन्व्हर्टर चार्ज. सतरंजीवर बसून पण खेळता येतं पण पाच तासांनी गुडघे सांगतात, टेबल बघा.

खायला कोरडं ठेवा. चुरमुऱ्याचा सुशीला मधल्या सुट्टीत, लांब बसून, हात धुवून. चहा टेबलावर नाही, स्टुलावर. आणि घरच्यांना आधी थोडं सांगून ठेवा, कारण या गेममध्ये टेरर नावाचं ऑपरेशनच आहे, चार जण मोठमोठ्यानं हवानात टेरर करतो म्हणायलेत हे ऐकून आजी काळजीत पडतात. तसंच खरी माणसं मेलेला विषय आहे, प्लेबुकात प्रत्येक पत्त्याची खरी हकीकत दिलेली असते, ती कोणीतरी वाचून दाखवली तर बरं, पण त्यावरून टीव्हीसारखी डिबेट सुरू झाली तर यजमानानं पुढचा पत्ता उघडायचा.

वेळेचं पण आधीच बोलून घ्या. विजयाची तपासणी प्रोपगंडा पत्ता आला की होते, असे चार पत्ते, १२-१२ इव्हेंटच्या गठ्ठ्यात एकेक घातलेला, म्हणून कधी येईल सांगता येत नाही. सात वाजता निघायचंय तर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रोपगंडावर थांबून कोण आपल्या आकड्याच्या किती जवळ किंवा पुढं आहे ते मोजायचं, हे पहिला पत्ता उघडायच्या आधी ठरलेलं पाहिजे, नंतर हरणारा ऐकत नाही.

आणि चौथा आलाच नाही तर? डब्यात नसलेल्या खेळाडूची बाजू चालवायला फ्लोचार्ट येतात, हो-नाही करत खाली जायचं आणि ते सांगतील ते करायचं. चालतात, पण हळू, म्हणून एकानं ते शनिवारी नजरेखालून घालून ठेवा आणि रविवारी वाचायचं काम त्याच्याकडंच द्या. मोटार बंद करून तो चौथा चार वाजता आला तर त्याच जागी बसवा, फ्लोचार्टनं त्याचा जो काय सत्यानाश केला असेल तो त्यानं निस्तरायचा.