ब्लू कट चष्मा घेण्यापूर्वी काय पाहावे

बेळगावचा खडे बाजार असो की निपाणीची पेठ, चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून झाला की पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "दिवसभर मोबाइल बघतासा नव्हं, मग ब्लू कटच घाला की." पाठोपाठ ही निळा प्रकाश अडवणारी काच कशी काम करते ते दाखवायला निळसर-जांभळा किरण सोडणारे पेन बाहेर निघते. साध्या काचेतून तो किरण पलीकडच्या कार्डावर उमटतो, ब्लू कट काचेत मात्र अडतो, आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते. या प्रयोगात खोटे काही नाही. पण त्या पेनाचा किरण साधारणपणे ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जवळजवळ जांभळा असतो, तर मोबाइल आणि संगणकाच्या एलईडी पडद्यातील निळा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक तीव्र असतो. पडद्यातला हा प्रकाश काच किती अडवते, हे पेनावरून कळत नाही. त्यासाठी कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती टक्के आरपार जातो, याचा काचेच्या कंपनीचा तक्ता मागावा. पेनाचा खरा उपयोग चष्मा ताब्यात घेताना आहे : दोन्ही काचांवर किरण मारून पाहावा, म्हणजे पैसे ब्लू कटचे आणि काच साधी, असे झालेले नाही ना, ते समजते.

चष्मा कशासाठी हवा, हे आधी ठरवावे. डोळे चुरचुरतात, संध्याकाळी कपाळ ठणकते, अशी तक्रार असेल तर ब्लू कटने फारसे साधत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा साध्या काचांच्या तुलनेत या काचांमुळे डोळ्यांवरचा ताण अल्पकाळात कमी होत असल्याचे दिसले नाही. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. शिवाय चाळिशी लागलेली असते किंवा नंबर बदललेला असतो. म्हणून पहिला खर्च नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्यावर करावा. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहण्याला तर काहीच खर्च नाही. मुलांचा नंबर वाढू नये म्हणून ब्लू कट घेणाऱ्या पालकांनी तोच आग्रह मुलांना रोज उघड्यावर खेळायला पाठवण्यासाठी धरावा.

झोप लागत नाही, हे कारण असेल तर विचार वेगळा. मेंदूला दिवस असल्याचा संदेश देणाऱ्या डोळ्यांतील पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. तिथवरचा प्रकाश अडवायचा तर गडद पिवळी किंवा नारिंगी काच लागते, पारदर्शक काचेचे ते काम नव्हे. असा चष्मा झोपेच्या एक-दोन तास आधी घरातच वापरावा. तो लावून रात्री महामार्गावर गाडी मुळीच चालवू नये, कारण काच एकूण उजेडच कमी करते.

पारदर्शक म्हणून विकलेल्या काचेतही थोडी पिवळी झाक असते. दुकानातल्या दिव्याखाली ती लपते. दारात येऊन, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर काच धरून पाहावी. शहापूर-वडगावात मागावर साडी विणणाऱ्याला किंवा कापड दुकानात रंग जुळवून देणाऱ्याला ही झाक त्रासाची ठरते. काचेवरची निळी चमक मात्र कोटिंगची असते. तिच्यावरून काच किती प्रकाश अडवते याचा अंदाज बांधू नये.

परावर्तन कमी करणारे चांगले कोटिंग आणि ओरखड्यांपासून संरक्षण यांसाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही. फ्रेमच्या दांडीवर आतून ५२-१८-१४० असे आकडे असतात : काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि दांडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा नीट बसत असेल तर त्याचे आकडे टिपून न्यावेत. दोन बाहुल्यांमधील अंतर दुकानदाराने स्वतः मोजलेच पाहिजे, कारण ते चुकले तर योग्य नंबरचा चष्माही डोके दुखवतो. निपाणीकडची मंडळी चष्म्यासाठी कोल्हापूर गाठतात, खानापूरची बेळगावला येतात. दांडी सैल झाली की पुन्हा तेवढाच प्रवास पदरी पडतो, म्हणून शक्यतो जवळचे दुकान निवडावे. बिलावर काचेची कंपनी, प्रकार आणि कोटिंग वेगवेगळे लिहून घ्यावे. नुसते 'ब्लू कट' एवढेच लिहिलेले बिल तक्रारीच्या वेळी कामी येत नाही.