एमबीए ॲप्लिकेशन: अख्खं पॅकेज घेऊ नका

बाहेरच्या बी-स्कूलला अप्लाय करताना ॲडमिशन कन्सल्टंटचं पॅकेज लाखाच्या वर सहज जातं, आणि त्यातलं अर्धं काम फुकटात होतं.

१. जीमॅटसाठी (एमबीएची प्रवेश परीक्षा) एमबीए डॉट कॉमवरचा ऑफिशियल स्टार्टर किट घ्या, दोन फुल मॉक फ्री आहेत.

२. अमेरिकेचा विचार असेल तर आधी एज्युकेशनयूएसए, म्हणजे अमेरिकन सरकारची विद्यार्थ्यांसाठीची सल्ला सेवा; मुंबईत यूएसआयईएफकडे (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) त्यांचं सेंटर आहे. कॉलेज निवडीची बेसिक माहिती तिथेच मिळते.

३. ॲप्लिकेशनसोबत द्यायच्या निबंधाचा पहिला ड्राफ्ट स्वतः लिहा, कसाही होऊ दे, मग लिंक्डइनवर त्या कॉलेजचे आपल्याकडचे माजी विद्यार्थी शोधा आणि "निबंध बघाल का" असं मोघम न विचारता एकच नेमका प्रश्न पाठवा, उदा. हे करिअर गोल पटतंय का. बिझी माणूसपण एवढ्याला उत्तर देतो.

४. मगच कन्सल्टंट, तोही तासाच्या हिशोबाने, फक्त शेवटच्या रिव्ह्यूला. बरेच जण पहिला कॉल फ्री देतात, तो सोडू नका.

५. ॲप्लिकेशन फी माफ होईल का हे ॲडमिशन ऑफिसला मेल करून विचारा, काही कॉलेजं वेबिनार अटेंड केला तरी माफ करतात.

फक्त "निबंध आम्हीच लिहून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, पकडलं गेलं तर मिळालेली ॲडमिशनही जाते.