जुन्या फोर बाय फोरचं अ‍ॅव्हरेज अचानक पडलं? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

लिटरला दहा देणारी गाडी दोन टाक्यांत सातवर आली की मालक दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर "जुनी झाली, चालायचंच" म्हणून सोडून देतो, नाहीतर प्लग, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर अशी यादी घेऊन गॅरेज गाठतो. दोन्ही वाटा चुकीच्या. गाडीचं वय अ‍ॅव्हरेज खातं, पण हळूहळू, वर्षानुवर्षं. महिनाभरात तीन किलोमीटर गेले असतील तर काहीतरी अडकलंय, गळतंय, तुटलंय, किंवा मागच्या कामात बदललं गेलंय. आणि चिखलापाण्यातून, दगडधोंड्यांतून फिरलेल्या गाडीत तो दोष बरेचदा बॉनेटखाली नसतोच. तो गाडीच्या पोटाखाली असतो, आणि तिथे सगळ्यात शेवटी बघितलं जातं.

आकडा खरा आहे की मीटर फसवतोय?

काट्यावरून किंवा एका टाकीवरून अ‍ॅव्हरेज काढू नका. टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा बंद होईल तिथेच थांबा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच बाजूला तोंड करून उभी करा. या गाड्यांच्या टाक्यांचे आकार वेडेवाकडे असतात. गाडी जराशी कललेली असली तरी दोन-चार लिटरचा फरक सहज पडतो. असं सलग दोन-तीन टाक्या करा, मगच आकड्यावर विश्वास ठेवा.

दुसरा फसवणारा म्हणजे टायर. २३५/७५ आर १५ मापाचं टायर साधारण ७३ सेंटिमीटर व्यासाचं असतं. त्याच्या जागी ३१ इंची टायर घातलं की व्यास ७८.७ सेंटिमीटर होतो, म्हणजे सात टक्के जास्त. मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०७ गेलेली असते. इंजिन तेवढंच पितंय, पण कागदावर दहाचं ९.३ झालं. वर जड, खोल खाचांचं टायर खरोखरच काही इंधन जास्त खातं, ते वेगळं. टायर बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर मोबाइलच्या जीपीएसवर पन्नास किलोमीटर मोजून मीटरशी ताडून बघा.

वाळूसाठी हवा कमी केली आणि परत भरायची राहिली, हेही नेहमीचं. अमेरिकी सरकारी आकडेवारीनुसार चारही चाकांत दर १ पीएसआय कमी हवेमागे साधारण ०.२ टक्के अ‍ॅव्हरेज जातं. म्हणजे हवेने अ‍ॅव्हरेज तीसच्या तीस टक्के पडत नाही. पण कमी हवेवर हायवेला टायर तापतं, म्हणून आधी हवा बघा. टपावरचा मोठा बॉक्स मात्र भारी पडतो: त्याच आकडेवारीत हायवेवर ६ ते १७ टक्के. पेट्रोलमधल्या इथेनॉलवरही खापर फुटतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणाने तीन-साडेतीन टक्के जाऊ शकतात. दहाची सात होण्याचं उत्तर त्यात मिळत नाही.

इंजिन उघडण्याआधी चाकांना हात लावा

इंधन जास्त लागतंय याचे अर्थ दोन. एक तर इंजिन नीट जाळत नाहीये, नाहीतर बरोबर जाळतंय पण गाडी ओढायला जड झालीये. हे वेगळं न करता प्लग बदलणं म्हणजे अंदाजपंचे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. पूर्वी जितकी लांब घरंगळायची तेवढी जाते का? चटकन मंदावत असेल तर बॉनेट बंदच ठेवा.

मग ब्रेक कमीत कमी वापरत पंधरा-वीस किलोमीटर चालवा, शेवटीही गाडी जवळजवळ घरंगळतच थांबवा. उतरून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हाताची पालथी बाजू न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी ताडू नका, तुलना एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्याची करा. एक चाक कोमट आणि दुसऱ्यातून झळ येतेय, जळका वासही आहे, तर चोर सापडला. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काम आणखी सोपं.

आता ते चाक उचलून हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्रेक धरलेत. तरी लगेच कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) मागवू नका. ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायची बारीक तोटी) किंचित सैल करा: ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब आत अडकून बसला होता. म्हणजे दोष बहुधा रबरी होजचा. जुना होज आतून फुगतो. पाय दाबला की ऑइल जातं, पाय काढला की परत येत नाही. बाहेरून मात्र तो ठणठणीत दिसतो. निपल सैल करूनही चाक जामच राहिलं तर कॅलिपरच्या सरकत्या पिना चिखलाने सुकल्यात किंवा पिस्टन गंजलाय. मागे ड्रम असतील तर आत साचलेला चिखल आणि पाणी लागून गंजलेली हँडब्रेकची केबल तपासा. नुकतंच बेअरिंगला ग्रीस भरून घेतलं असेल तर नट जास्त आवळला गेलाय का तेही बघा. गरम हबचं ते एक साधं कारण आहे.

जॅक लावताना एक खबरदारी. जुन्या लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) तो गाडी धरून ठेवू शकत नाही. बाकीच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात घालू नका, आणि स्टँड दिल्याशिवाय खाली जाऊ नका.

ब्रेक मोकळे निघाले तर पुढचा संशयित फोर बाय फोरची यंत्रणा. डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल सुटला, असं गृहीत धरू नका. दिवा एका स्विचचं ऐकतो. ट्रान्सफर केसमधला गिअर सरकवणारा फोर्क अर्ध्यात अडकलेला असू शकतो, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या रचनेत एखादी फाटकी नळीही पुरते. हाताने फिरवायचे लॉकिंग हब (पुढचं चाक अ‍ॅक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर ते 'फ्री'वर ठेवून पुढचं चाक उचला आणि फिरवा. चाकाबरोबर आतला अ‍ॅक्सल शाफ्ट फिरत असेल तर हब सुटलेला नाही. मग चाकं जमिनीवर ठेवून, हब फ्री आणि लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) असताना पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघा. तो घट्ट धरलेला असेल तर ट्रान्सफर केस अजून फोर बाय फोरमध्येच आहे. (कायमस्वरूपी फोर बाय फोर असलेल्या गाड्यांना ही परीक्षा लागू नाही.) कोरड्या डांबरावर असं चालवत राहिल्यास वळणावर गाडी अडखळते, टायर घासतात, आणि इंधन जातं ते वेगळंच.

इंजिन थंड राहतंय, ही तक्रार कोणीच करत नाही

तापमानाचा काटा लालकडे गेला की सगळे धावतात. तो खालीच राहिला तर उलट समाधान वाटतं, आणि चढावर गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकणारे महाभाग तर कितीतरी. अ‍ॅव्हरेज पाडायचा इतका सोपा उपाय दुसरा नाही. बहुतेक इंजिनांचं कूलंट ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असावं लागतं. ते तिथवर पोचलंच नाही तर इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) वाटतं इंजिन अजून वॉर्म-अप होतंय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑटोमॅटिक असेल तर दुहेरी मार: अनेक गाड्यांत इंजिन गरम होईपर्यंत टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स न घसरता जोडणारा क्लच) लागू दिलं जात नाही. हायवेवर नेहमीच्या वेगाला आरपीएम दोन-तीनशेने जास्त दिसत असतील तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी थर्मोस्टॅट बघा.

तपासणी बिनखर्चाची आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला जाणारा वरचा होज चाचपा, पंख्यापासून हात लांब ठेवून. तो बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय.

काटा बरोबर दाखवतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर बरेचदा वेगवेगळे असतात. रात्रभर उभ्या गाडीला स्कॅनर लावा: कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. स्कॅनर चालत नसेल तर मल्टीमीटर घ्या. अनेक सेन्सर २० अंशांना दोन-तीन किलो-ओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास दाखवतात. नेमके आकडे गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतील. इंजिन गरम होऊनही सेन्सर हजारांतच अडकला असेल तर तो ईसीयूला थंडी वाजतेय असंच सांगतोय.

ऑक्सिजन सेन्सरला आधीच फाशी देऊ नका

खराब ऑक्सिजन सेन्सरसारखा मोठा दोष दुरुस्त केल्यावर मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकी सरकारी माहितीत म्हटलंय, आणि म्हणूनच हा पार्ट सर्वात जास्त उगाच बदलला जातो. 'मिश्रण लीन' (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असा कोड आला तर सेन्सर कदाचित खरंच बोलतोय. दगडावर आदळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं किंवा एक्झॉस्टच्या पाइपला तडा गेला की सेन्सरच्या अलीकडून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. थंड इंजिनावर टकटक आवाज आणि गरम झाल्यावर गायब, ही त्या गळतीची खूण. स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) सतत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वर असेल तर आधी गळती शोधा. उलट ट्रिम खोल उण्यात असेल तर पेट्रोल कुठून तरी आपोआप येतंय: प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा, तिच्यात पेट्रोलचा ओलावा दिसला तर आतला पडदा फाटलाय.

एअर फिल्टरबद्दल गैरसमज जुना आहे. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज तुंबलेल्या फिल्टरने जवळजवळ बदललं नाही, पिकअप मात्र घटला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत २ ते ६ टक्क्यांचा फरक पडला. फिल्टर बदला, पण चमत्काराची वाट बघू नका.

कार्ब्युरेटर असेल तर चोकची फ्लॅप गरम इंजिनावर पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा, फ्लोटची सुई कचऱ्याने अडकली नाही ना ते तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (हलक्या लोडवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी तोंडाने ओढून बघा: ओढ टिकली पाहिजे. हवा आरपार येत असेल तर पडदा फाटलाय आणि हायवेचं अ‍ॅव्हरेज तिथेच चाललंय.

डिझेलला धूर बोलतो. लोड घेतल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: टर्बोचा फाटलेला होज, उघडा अडकलेला ईजीआर (जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), थेंब टाकणारा इंजेक्टर. सर्वात आधी होजच्या क्लॅम्पभोवती तेलकट काळा डाग शोधा. धूर नाही, तरी डिझेलचा वास येतोय, तर रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) तपासा. पेट्रोल गाडीत असा वास आला तर बाकी सगळं बाजूला ठेवून गळती शोधा, गाडी चालवू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक पूर्ण टाकी मोजा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत बॅटरी काढली किंवा कोड पुसला तर ईसीयूने शिकलेली ट्रिमही पुसली जाते, त्यामुळे पहिले शे-दोनशे किलोमीटर हिशोबात धरू नका. त्यानंतर टाकी फुल करून मोजायला सुरुवात करा.