नागपुरात स्लॅब गळायला लागला तर मिस्त्री कसा निवडायचा

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपत येतो, आभाळ भरून येतं आणि मग घरात कोणालातरी आठवतं की अरे, मागच्या पावसात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली होती. मग जो मिस्त्री चांगला आहे तो महिनाभर बुक असतो आणि जो लगेच यायला तयार असतो त्याच्याकडे काम का नाही हे विचारायला आपल्याला वेळ नसतो. म्हणून आधीच सांगते, छताचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. स्लॅब आतून वाळलेला असतो, ऊन सोसण्यासारखं असतं. मे महिन्यात दुपारी 45 डिग्रीमध्ये तापलेल्या स्लॅबवर कोटिंग मारलं की वरची कातडी लगेच सुकते, आतला ओलावा अडकतो आणि फोड येतात. मे मध्येच करावं लागलं तर सकाळी नऊच्या आत नाहीतर उन्हं उतरल्यावर, बस.

आता मेन गोष्ट. मिस्त्री आला की रेट विचारू नका, पाणी कुठून शिरतंय ते विचारा. आमच्याकडे आईच्या खोलीत पंख्याच्या हुकाजवळ ओल यायची, दोन वर्षं दोन वेगवेगळ्या लोकांनी बरोब्बर त्याच्या वर गच्चीवर केमिकल फासलं, पैसे घेतले आणि जुलैत परत तेच. तिसऱ्या वर्षी जे मिस्त्री आले ते आधी खाली खोलीत गेले, मग वर येऊन उकिडवे बसले आणि हातोडीचा दांडा स्लॅबवर ठोकत ठोकत सरकत राहिले. टक टक टक, आणि मध्येच ढप. ढप म्हणजे खाली पोकळ, तिथे खडूने गोल. असे सात-आठ गोल झाले आणि जवळजवळ सगळे पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेने, कूलरच्या स्टँडजवळ, पंख्यापासून चांगले सहा फूट लांब! उन्हाळाभर कूलरचं पाणी तिथे सांडायचं, पॅरापेट आणि स्लॅबच्या जॉइंटमधून आत जायचं आणि वायरिंगच्या पाइपाने फिरून पंख्यापाशी टपकायचं. काम निघालं फक्त त्या कडेचं. म्हणून जो माणूस गच्चीवर उभ्या उभ्या नजर फिरवून "पूर्ण स्लॅबला मारावं लागेल ताई" म्हणतो त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

तो काय काय बघतो तिकडे लक्ष ठेवा. पावसाच्या पाइपाचं तोंड कचऱ्याने बुजलंय का, उतार नीट आहे का (दहा फुटाला साधारण सव्वा इंच तरी हवा), पॅरापेटच्या कडेचा गोळा (भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) फुटलाय का, टाकीखाली पाणी साचतं का. बऱ्याचदा गळती इथेच सापडते.

क्रॅक असेल तर नुसतं वरून लिंपून चालत नाही, ती व्ही आकारात कापून, साफ करून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरावी लागते, मग जॉइंटवर जाळी आणि कोटिंगचे दोन हात, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. वरचा हात पांढरा रिफ्लेक्टिव्ह घेतला तर खालची खोली उन्हाळ्यात कमी तापते, नागपुरात तो घ्याच.

आणि एक, जुन्या कोब्यावर (स्लॅबवरच्या वीट-सिमेंटच्या थरावर) नवीन कोबा कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. चार इंच वीटकोबा म्हणजे स्क्वेअर फुटाला अंदाजे 18 किलो वजन, 500 फुटाच्या गच्चीवर नऊ टन! जुना काढून मगच नवीन.

खालून प्लास्टरचे पोपडे पडतायत आणि गंजलेली सळई दिसतेय तर हे वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम नाहीच, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तो सांगेल रिपेअर होईल की स्लॅब पाडून नवीन टाकावा लागेल. 30 वर्षांच्या वरच्या बिल्डिंगला तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच लागतं. यात कंजूषी नका करू, खाली माणसं झोपतात.

गावाकडच्या किंवा जुन्या वस्तीतल्या कवेलूच्या (कौलाच्या) घराचं वेगळं. वानरं उड्या मारून कवेलू फोडतात, म्हणून दरवर्षी मृगाच्या आत फेरणी (फुटलेले बदलून कवेलू परत नीट रचणं) करून घ्यावीच लागते, पण खालची लाकडं, म्हणजे फाटे आणि बल्ल्या, वाळवीने खाल्ल्या असतील तर तोच पैसा टिनात घाला. टिनाचं काम देताना विचारा की शीट किती एमएमची आहे, स्क्रू शीटच्या उंच भागावर मारणार की खोलगट (उंच भागावरच पाहिजे), रबर वॉशर आहे का, जोड किती इंच चढवणार. एप्रिल-मे मधल्या वादळात उडतात ते कडेचे पत्रे, तिथे स्क्रू जवळ जवळ मारायला लावा. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं (त्याची धूळ फुफ्फुसाला घातक), ओले करून अख्खे उतरवायचे, फोडायचे नाहीत आणि लहान पोरांना त्या दिवशी दूर ठेवा.

ठिय्यावरून (सकाळी मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकातून) रोजीने माणूस आणणं छोट्या डागडुजीला ठीक, मोठं काम असेल तर ठेकेदाराकडून कागदावर घ्या: किती स्क्वेअर फूट, कोणतं मटेरियल, किती हात, मलबा कोण उचलणार, गॅरंटी किती वर्षं आणि ती मटेरियलची की कामाची. मटेरियलचे डबे सीलबंद तुमच्यासमोर उघडायला सांगा. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या कामाचा पत्ता मागा आणि खरंच जाऊन त्या काकूंना विचारा, मागच्या महिन्यात केलेलं काम बघून काही कळत नाही कारण त्यावर पाऊसच पडलेला नसतो.

अ‍ॅडव्हान्स मटेरियलपुरता द्या. काम झाल्यावर कोटिंग आठवडाभर पिकू द्या, मग पाइपाचं तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी भरा आणि 48 तास राहू द्या (सळई गंजलेल्या स्लॅबवर हे करू नका). रोज सकाळ-संध्याकाळ खाली टॉर्च मारून सिलिंग बघा. डाग आला नाही तर पैसे द्या, पण थोडी रक्कम पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत मागे ठेवायची, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी त्याच कागदावर लिहून त्याची सही घ्यायची.