रामटेकची सहल स्पॅनिशमध्ये सांगायची तर

आधी सहल मराठीत सांगा, मग वहीच्या पानाचे उभे दोन भाग करा. धरमपेठेत माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हेच करायला लावते. डावीकडे 'ऊन होतं, गर्दी होती, पायऱ्या चढत होतो'. उजवीकडे 'निघालो, पोहोचलो, जेवलो'. डावीकडचं सगळं इम्परफेक्टमध्ये, म्हणजे तेव्हा चालू असलेल्या गोष्टींच्या भूतकाळात जातं: आसीया कालोर, आबीया मूचा खेन्ते. उजवीकडचं प्रेटेरिटमध्ये, म्हणजे घडून संपलेल्या गोष्टींच्या भूतकाळात: सालिमोस, येगामोस, कोमिमोस.

दोन्ही एकत्र आले की गोष्ट रंगते. 'सुबीआमोस लास एस्कालेरास, कुआन्दो उन मोनो मे कितो ला नारांखा.' म्हणजे पायऱ्या चढत होतो, तेवढ्यात माकडानं संत्रं पळवलं. चढणं चालूच होतं, म्हणून सुबीआमोस. पळवणं एका झटक्यात झालं, म्हणून कितो.

प्रेटेरिटची एक सोय आहे. आपण 'आंबा खाल्ला', 'भजी खाल्ली' करत बसतो. तिकडे काहीही खा, मी खाल्लं की 'कोमी'च. 'गेलो-गेले'ची भानगडही नाही, बाई असो की पुरुष, 'फुई'. (नागपुरात बायका तशाही 'मी गेली'च म्हणतात, ते सोडा.) पण खाणारा बदलला की रूप बदलतं: कोमी, कोमिस्ते, कोमिओ, कोमिमोस, कोमिएरोन. हे पाठच करा, दुसरा उपाय नाही.

आता खरी मेख. 'तासभर रांगेत उभे होतो' हे वाक्य 'होतो' बघून सगळे डावीकडे टाकतात. पण किती वेळ ते सांगून तुम्ही त्याला कुंपण घातलंत, म्हणून ते उजवीकडे: 'एस्तुबिमोस उना ओरा एन ला कोला'. नुसतं 'रांगेत होतो, तेव्हा फोन वाजला' असेल तर 'एस्ताबामोस'.

आणि एकंदर मत देताना? 'कशी झाली सहल?' असंच आपण विचारतो ना. त्या 'झाली'ला 'फुए'. 'एल ब्याखे फुए मुय बोनितो.' हाच 'फुए' 'तो गेला' यालाही चालतो. पुढे 'आ रामटेक' आलं की गेला, 'बोनितो' आलं की झाला.

सालिमोस आणि येगामोस वर्तमानकाळातही असेच दिसतात, तेव्हा सुरुवातीला 'आयेर', म्हणजे काल, जोडून टाका. आजच जाऊन आला असाल तर स्पेनच्या बऱ्याच भागांत 'ओय एमोस इदो आ रामटेक' म्हणतील. मेक्सिकोवाल्याशी बोलताना सरळ 'ओय फुइमोस' म्हणा.