शेअर घेण्याआधी बघा: कंपनीत स्त्रिया किती, कुठे आणि टिकतात का

संचालक मंडळावर एक स्त्री दिसली म्हणून कंपनीला शाबासकी देऊ नका. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीला ती ठेवावीच लागते. बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांत ती स्वतंत्र संचालक असावी लागते, म्हणजे तिथे प्रवर्तकाची बायको चालत नाही.

खरी माहिती बीआरएसआरमध्ये मिळते, म्हणजे वार्षिक अहवालातल्या पर्यावरण, समाज आणि कारभार यांवरच्या ठरावीक नमुन्यातल्या भागात. २०२२-२३ पासून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने तो याच १,००० कंपन्यांना सक्तीचा केला आहे. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. एका वर्षावरून काहीच कळत नाही.

आधी 'अ' विभाग उघडा. कर्मचारी आणि कामगार यांचे तक्ते वेगळे असतात, त्यातही कायम आणि कायम नसलेले वेगळे. चारही आकडे बघा. बीकेसीतल्या मुख्यालयात स्त्रिया भरपूर आणि तळोज्याच्या कारखान्यात जेमतेम, किंवा आहेत त्या सगळ्या कंत्राटी, असं पुष्कळदा निघतं.

मग पगार. एकूण वेतनातला स्त्रियांचा वाटा त्यांच्या संख्येच्या वाट्याशी ताडून पाहा. समजा, मनुष्यबळात त्या २० टक्के आणि वेतनात १४ टक्के, तर त्या बहुधा खालच्या पायऱ्यांवरच अडकल्या आहेत. मध्यक वेतनाच्या (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार) तक्त्याने मात्र फसायला होतं: मोजक्याच स्त्रिया आणि त्याही वरच्या हुद्द्यावर असल्या, की त्यांचा मध्यक पुरुषांच्याही वर जातो.

आम्ही सर्वांत जास्त वजन देतो ते बाळंतपणाच्या रजेनंतरच्या आकड्यांना. कामावर परतण्याचं प्रमाण १०० टक्के सहज दिसतं, कारण रजा संपल्यावर एकदा हजर झालं तरी ते धरलं जातं. शेजारच्या रकान्यात बारा महिन्यांनी किती टिकल्या ते असतं. ते ६० टक्क्यांपर्यंत घसरलं असेल तर पाळणाघर, शिफ्टच्या वेळा, बढती यांत कुठेतरी घोळ आहे.

लैंगिक छळाच्या तक्रारी शून्य? हजारो स्त्रिया असलेल्या कंपनीत सलग तीन वर्षं शून्य असेल, तर अशा तक्रारींसाठी कंपनीत समिती आहे हेच त्यांना माहीत नसण्याची शक्यता जास्त.

शंका उरली तर कंपनी सचिवाला ईमेल करा, पान क्रमांकासकट. 'महिलांसाठी काय करता?' असं विचारलंत तर गोड उत्तर येतं. श्रेणीनिहाय संख्या मागा. एक शेअर असला तरी वार्षिक सभेत मत देता येतं, फक्त तो सभेच्या सूचनेतल्या पात्रता तारखेला (कट-ऑफ डेट) डीमॅट खात्यात हवा. ई-मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं.