खाणीच्या रस्त्याचा अभ्यास करताना: गडचिरोलीतला अनुभव

पर्यावरणशास्त्र शिकून आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचे निसर्गावर आणि माणसांवर होणारे परिणाम तपासण्याच्या कामात नव्याने आलेल्यांच्या हाती आधी नकाशा पडतो. मधोमध खाण, भोवती १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. ते काढावंच लागतं. पण एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडसारख्या ठिकाणी बहुतेक गावांची खाणीशी गाठ पडते ती रस्त्यावर. टेकडीवरचं लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असं पुढे जातं आणि वाटेवरची कितीतरी वस्ती वर्तुळाबाहेर राहते. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेगळा पट्टा आखा आणि माल जिथे उतरतो तिथपर्यंत तो न्या.

मग टनांच्या गाड्या करा. सुरजागडची मंजूर क्षमता २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. गाडीमागे ३० टन आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ३० लाख टनांसाठी रोज सुमारे ३३३ भरलेल्या खेपा होतात, परतीच्या रिकाम्या तितक्याच. बारा तास वाहतूक चालली तर दर ६५ सेकंदांना एक अवजड गाडी. १ कोटी टन सगळेच रस्त्याने न्यायचे म्हटले तर रात्रंदिवस वाहतूक करूनही दर ३९ सेकंदांना एक. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी आणि बाजाराच्या दिवशी गाड्यांची मोजणी वेगळी घ्या. चोवीस तासांच्या सरासरीत सायकलवरची पोर दिसत नाही.

धूळ मोजायचं यंत्र बहुधा वीज आणि राखण मिळेल अशा गच्चीवर बसवलं जातं. मोहाचं झाड मात्र रस्त्याकडेला आणि बांधावर उभा असतो. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे बायका फुलं वेचायला टोपल्या घेऊन निघतात, तेव्हा त्यांच्यासोबत जा. मोहफूल रसरशीत आणि चिकट असतं. त्यावर बसलेली लाल धूळ झटकून जात नाही आणि धुतलं तर वाळवताना फूल काळं पडतं. रस्त्यालगतची आणि आत जंगलातली फुलं वेगवेगळी ठेवायला सांगा, व्यापारी दोन्हींना काय भाव देतो ते लिहून घ्या. धुळीने घराचं उत्पन्न किती घटतं, हे तिथे कळतं. अलास्कातल्या रेड डॉग खाणीच्या रस्त्यालगत शेवाळात शिसं आणि जस्त सापडल्यावर तिथे ताडपत्रीच्या जागी पोलादी झाकणांच्या गाड्या आणाव्या लागल्या. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी तो अभ्यास जरूर वाचा.

नियमाप्रमाणे पायाभूत माहिती, म्हणजे प्रकल्पाआधीच्या स्थितीची नोंद, पावसाळा सोडून एका हंगामात गोळा केली तरी चालते. रस्त्यासाठी ती पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. रस्त्याखालची मोरी अरुंद ठेवली की पाणी कुणाच्या धानात तुंबतं, खचलेल्या कडेचा मुरूम कुठल्या नाल्यात उतरतो, हे जुलै-ऑगस्टमध्येच दिसतं. स्वतःच्या हट्टाने तेव्हा एक फेरी कराच.

रस्त्याचं चांगलंही तितक्याच काळजीने नोंदवा. बाळंतीण खाटेवर घालून नेणाऱ्या गावाला पक्का रस्ता काय असतो, हे शहरात बसून समजत नाही. प्रश्न विचारताना गावाचा रस्ता आणि खनिजाची वाहतूक वेगळी ठेवा. ‘रस्ता हवा का?’ एवढंच विचारलंत तर ‘हो’ येईल आणि अहवालात तेच टिप्परांना दिलेली संमती म्हणून छापलं जाईल. तिथली माडिया भाषा जाणणारा दुभाषी गावाच्या पसंतीचा घ्या. कंपनीच्या गाडीतून उतरलेल्या माणसासमोर बायका बोलत नाहीत.

ग्रामसभेकडचे सामूहिक वनहक्काचे नकाशे मागून रस्त्याच्या आखणीवर ठेवा. २००६च्या वनहक्क कायद्याखालचे दावे प्रलंबित असले तरी तेही दाखवा. तेंदूपत्त्याचे फड, गुरांच्या वाटा, पाणवठे गावकऱ्यांसोबत चालून टिपा. जानेवारीत सुरजागडला ठाकुरदेवाची यात्रा भरते, परिसरातल्या गावांतून माणसं येतात. त्या दिवसांत वाहतुकीचं काय, हा प्रश्न अहवालात हवा.

शिफारशीत ‘रस्त्यावर नियमित पाणी मारावे’ असं मोघम वाक्य लिहू नका. कुठल्या टप्प्यात, दिवसातून किती वेळा, पाणी कुठून आणायचं, आणि मारलं नाही तर ग्रामसभेने कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचं, एवढं सगळं लिहा. जनसुनावणीत गावकरी त्याच वाक्यावर बोट ठेवून जाब विचारू शकतात.